इंग्रजी समजते, पण तोंड उघडत नाही : आपल्या मुलांनी हा उंबरठा कसा ओलांडावा?

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. "इंग्लिशमध्ये 82 पडले," असे अब्बू दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने सांगतात. काही आठवड्यांनी तीच मुलगी अकरावी सायन्सच्या वर्गात जाऊन बसते. आतापर्यंत ती विज्ञान उर्दूत किंवा मराठीत शिकलेली असते. आता फिजिक्सचे सर इंग्रजीत शिकवतात, पुस्तक इंग्रजीत, प्रॅक्टिकलची वही इंग्रजीत. तिला निम्मे समजते. उरलेले निम्मे विचारायचे तर सगळ्या वर्गासमोर इंग्रजीत बोलावे लागेल, या भीतीने तिचा हात वर जात नाही. दिवाळीपर्यंत तिने मागचा बाक धरलेला असतो. वर्षाच्या शेवटी घरात ठरते, "सायन्स तिला झेपत नाही, आर्ट्सला टाकू."

आवडीने आर्ट्सला जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण इथे निर्णय आवडीने झालेला नसतो. एक प्रश्न विचारता आला नाही म्हणून आयुष्याची वाट बदललेली असते. आपल्या समाजातल्या घराघरांत असे एखादे उदाहरण सापडेल. म्हणून इंग्रजीच्या या 'कम्फर्ट झोन'बद्दल आज थोडे खोलात जाऊन बोलायला हवे.

कम्फर्ट झोन म्हणजे नेमके काय?

हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. भाषणे देणारे सांगतात, "कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा!" टाळ्या पडतात आणि मुले घरी येतात. बाहेर पडायचे म्हणजे कुठून आणि कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत हा आरामाचा कोपरा अगदी ठरलेल्या चार-पाच जागी असतो.

पहिली जागा व्याकरणाची वही. रिकाम्या जागा भरा, काळ बदला, पॅसिव्ह व्हॉइस करा. यात मुले तरबेज असतात. उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळते, गुण मिळतात आणि कुणासमोर बोलावे लागत नाही.

दुसरी जागा पाठ केलेले उत्तर. 'माय मदर' या विषयावरचा निबंध गाईडमधून पाठ. त्यातल्या आईचे घर, तिचे काम, तिची सकाळ यांचा स्वतःच्या अम्मीशी काही संबंध नसतो. मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' असे विचारले की 'मायसेल्फ' पासून सुरू होणारी तीच चार वाक्ये बाहेर पडतात. पुढचा प्रश्न आला की शांतता.

तिसरी जागा मनातल्या मनात भाषांतर. आधी उर्दू किंवा मराठी वाक्य तयार करायचे, मग एकेक शब्द उलटवायचा. तोपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असतो.

चौथी जागा 'समजते ना, मग झाले!' कार्टून समजते, क्रिकेटची कॉमेंट्री समजते, रील्स समजतात. त्यामुळे भाषा येते असा समज होतो. पण ऐकलेले ओळखणे वेगळे आणि हवा तो शब्द हव्या त्या क्षणी तोंडात येणे वेगळे.

आणि पाचवी, आजकालची जागा म्हणजे मोबाइल. वाक्य भाषांतराच्या अॅपमध्ये टाकले की तयार इंग्रजी हातात येते. अर्ज लिहिला जातो, काम भागते, पण शिकणे तिथेच राहते.

या पाचही गोष्टी वाईट नाहीत. व्याकरण हवे, पाठांतर हवे, ऐकणे तर हवेच. अडचण एवढीच की यातल्या एकाही ठिकाणी मुलाला लोकांसमोर स्वतःचे वाक्य स्वतः बनवावे लागत नाही.

नुसते समजून का भागत नाही?

कॅनडामध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना शाळेत फ्रेंच माध्यमातून शिकवण्याचे वर्ग आहेत. तिथल्या मुलांना वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकायला मिळत होते. मेरिल स्वेन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी या मुलांचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की मुलांना ऐकलेले आणि वाचलेले फ्रेंच उत्तम समजते, पण बोलताना आणि लिहिताना ती बरीच मागे पडतात. 1985 मध्ये त्यांनी यावर आपला विचार मांडला. थोडक्यात तो असा : ऐकताना आपण संदर्भावरून अर्थ लावून पुढे जातो, बोलताना मात्र प्रत्येक शब्द, त्याचे रूप, त्याची जागा आपल्यालाच ठरवावी लागते. आपल्याला काय येत नाही ते बोलायला लागल्यावरच ध्यानात येते. ध्यानात आले की मेंदू त्याचा शोध घेऊ लागतो.

'यस्टर्डे आय गो' असे बोलून अडखळलेल्या मुलाला 'गो'चे 'वेन्ट' का होते याची खरी गरज त्या क्षणी भासते. तोपर्यंत ते फक्त वहीतले एक कोष्टक असते.

मग चुकांचे काय? पिट कॉर्डर नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये एक लेख लिहून शिक्षकांचा याकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या डोक्यात भाषेची कोणती जुळणी चालली आहे याची खूण, असे त्याने सांगितले. लहान मूल 'आय गोड' म्हणते तेव्हा त्याने 'प्लेड', 'वॉक्ड' यांचा नियम ओळखलेला असतो, फक्त तो जिथे लागू नाही तिथे लावलेला असतो. घरातले दोन वर्षांचे बाळ 'मी पाणी पिली' म्हणते तेव्हा आपण त्याला मारत नाही. उलट हसून जवळ घेतो, 'हो, तू पाणी प्यायलास' असे म्हणतो आणि पुढे जातो. इंग्रजीच्या वेळी हा संयम कुठे जातो?

आपण हा उंबरठा आधीच ओलांडला आहे

आता एक गोष्ट, जी आपल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही.

मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या एखाद्या घरातले मूल बघा. घरात ते दखनी बोलते, "मेरेकू होना." शाळेत गेल्यावर उर्दूच्या आपा शिकवतात, "मुझे चाहिए." बाजारात, एसटीत, तलाठ्याच्या कार्यालयात ते म्हणते, "मला पाहिजे." दहा वर्षांच्या त्या मुलाने एकाच गरजेसाठी तीन बोली वापरल्या आणि कोणती कुठे वापरायची यात ते कधी गोंधळले नाही. कोकणातल्या आपल्या घरांत कोकणी बोली आहे, शाळेत प्रमाण मराठी किंवा उर्दू आहे. तिथेही तेच.

मराठी कुणी आपल्याला गाईड घेऊन शिकवली का? गल्लीत क्रिकेट खेळताना, किराणा आणताना, शेजारच्या काकूंशी बोलताना ती आली. सुरुवातीला 'ती दगड' आणि 'तो भिंत' म्हटले, पोरे हसली, आपणही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला गेलो. इंग्रजी ही या रांगेतली चौथी. फरक इतकाच की तिच्यासाठी गल्ली नाही. ती गल्ली आपल्याला तयार करावी लागेल.

मक्तबातली पद्धतही आठवून बघा. मूल उस्तादांसमोर बसून मोठ्याने पढते. मखरज चुकला की उस्ताद थांबवतात, मूल तो शब्द पुन्हा म्हणते, पुन्हा चुकते, पुन्हा म्हणते. आजूबाजूची मुले हसत नाहीत, कारण प्रत्येकाची पाळी येणार असते. 'ऐन' आणि 'हे'सारखे जे आवाज आपल्या घरच्या बोलीत नाहीत, ते पाच-सहा वर्षांची मुले अशीच शिकतात. चारचौघांत मोठ्याने म्हणणे, थांबवले की दुरुस्त करणे, लाज न बाळगणे ही सवय आपल्या मुलांना आहे. इंग्रजीच्या तासाला ती वापरायची राहिली आहे. अर्थात इंग्रजीत यापुढे एक पाऊल जावे लागते. इथे दिलेला मजकूर नसतो, वाक्य आपले आपण घडवायचे असते.

उर्दू आणि मराठीची शिदोरी

"आमची उर्दू मीडियमची पोरं, त्यांना कसं जमणार?" असे पालक विचारतात. दोन भाषा असणे ही अडचण आहे, हा समज डोक्यातून काढून टाकायला हवा. या दोन भाषांमुळे मुलाला किती गोष्टी आयत्या मिळतात ते बघा.

उर्दूत 'झ' या एका आवाजासाठी जाल, जे, ज्वाद, जोय अशी चार अक्षरे आहेत. 'स'साठी से, सीन, स्वाद. 'ख्वाब' लिहिताना वाव लिहायचा पण उच्चारायचा नाही, 'बिल्कुल'मध्ये अलिफ दिसतो पण ऐकू येत नाही. ज्याने हे पचवले, त्याला 'नाइफ'च्या आधीचा मुका 'के' काय घाबरवणार? इंग्रजीचे स्पेलिंग विचित्र वाटते ते सगळे लिहिल्याबरहुकूम वाचण्याची सवय असलेल्याला. उर्दू वाचणारे मूल शब्द डोळ्यांनी ओळखायला आधीच शिकलेले असते. 'फ' आणि 'झ' हे आवाजही त्याच्या तोंडात तयार असतात.

मराठीची मदत वेगळ्या जागी होते. उर्दूत भाऊ असो की बहीण, दोघांसाठी 'वो'. त्यामुळे आपली मुले बहिणीबद्दल बोलतानाही 'ही इज माय सिस्टर' म्हणून जातात. इथे त्यांना मराठीत विचार करायला सांगा : तो म्हणजे 'ही', ती म्हणजे 'शी', ते म्हणजे 'इट'. एका आठवड्यात गाडी रुळावर येते.

शब्दांचे तर विचारूच नका. 'पजामा', 'खाकी', 'लूट' हे इंग्रजीने आपल्याकडूनच नेले. 'अल्जिब्रा' हा अरबी 'अल-जब्र', 'झीरो'च्या मुळाशी 'सिफर' आहे. मुंगसाला इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात, तो शब्द मराठीतून गेला. मुलांना हे सांगितले की त्यांचे चेहरे खुलतात. परकी वाटणारी भाषा जरा ओळखीची होते.

अडणाऱ्या जागाही माहीत असाव्यात. 'अ, अॅन, द' असले काही आपल्या दोन्ही भाषांत नाही, म्हणून ते विसरले जाते. आपण 'मी आंबा खातो' म्हणतो, क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मध्ये येते. 'मुलाने पोळी खाल्ली' किंवा 'लड़के ने रोटी खाई' यात क्रियापद पोळीच्या मागे जाते, इंग्रजीत ते कर्त्याला सोडत नाही. 'दस साल से'चे सरळ 'सिन्स टेन इयर्स' होते, तिथे 'फॉर' हवे. 'डिड'नंतर 'वेन्ट' येतो, तिथे 'गो' हवा. 'स्कूल'चे 'इस्कूल' आणि 'स्टेशन'चे 'इस्टेशन' होते. एक 'व' ओठ गोल करून, दुसरा 'व्ह' वरचे दात खालच्या ओठाला लावून, हा फरक सुटतो. या सात-आठ जागा बहुतेक सगळ्यांच्या सारख्याच आहेत. म्हणजे त्या तुमच्या मुलाच्या बुद्धीचा दोष नाहीत. त्याच्या आधीच्या भाषांनी टाकलेले ते ठसे आहेत. महिन्याला एक जागा धरून दुरुस्त केली तरी शाळेचे एक वर्ष पुरते.

किती बाहेर पडायचे?

इथे एक धोका आहे. कम्फर्ट झोन सोडायचा म्हणून काही पालक पाचवीतल्या मुलाला एकदम उचलून इंग्रजी माध्यमात टाकतात. घरात मदत करणारे कुणी नसते, वर्गात काही समजत नाही. दोन वर्षांत मूल उर्दू विसरते, मराठी कच्ची राहते आणि इंग्रजीही येत नाही. काही घरांत पाहुण्यांसमोर फर्मान सुटते, "जरा इंग्लिशमधे बोलून दाखव!" मूल लाजेने लाल होते आणि त्यानंतर पाहुणे आले की आतल्या खोलीत पळते.

बी. एड. करताना आम्ही सगळे व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाबद्दल शिकतो. 1934 मध्ये अवघ्या 37 व्या वर्षी तो गेला, पण त्याचा एक विचार आजही शाळेत रोज उपयोगी पडतो. मुलाला जे एकट्याला जमते ते एक वर्तुळ. जे अजिबात जमत नाही ते दूरचे. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथे मुलाला कुणाचा तरी हात धरून जमते. शिकणे या पट्ट्यात घडते. पोहायला शिकवताना आपण मुलाला विहिरीच्या काठावर बसवूनही ठेवत नाही आणि एकदम मध्यभागी फेकतही नाही. कमरेला दोरी किंवा पाठीला भोपळा बांधून उतरवतो. काही दिवसांनी दोरी ढिली करतो.

म्हणून कम्फर्ट झोन सोडताना एक पायरी उतरायची. ती सवयीची झाली की पुढची.

पायऱ्या कशा असाव्यात?

पहिली पायरी, एकट्याने मोठ्याने. रोज दहा मिनिटे बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकातला एक उतारा आवाज काढून वाचायचा. मनातल्या मनात वाचले तर जिभेला व्यायाम होत नाही. मग पुस्तक मिटून त्यातले तीन मुद्दे आपल्या वाक्यांत सांगायचे. ऐकायला कुणी नाही, म्हणून लाजही नाही. दोन आठवडे एवढेच.

दुसरी पायरी, मोबाइलला कामाला लावा. आज दिवसभरात काय झाले ते एक मिनिट रेकॉर्ड करायचे. दुसऱ्या दिवशी ऐकून त्यातली एकच चूक शोधायची आणि तेच पुन्हा बोलायचे. कीबोर्डवरचे माइकचे चिन्ह दाबून इंग्रजी बोलले की मोबाइल ते लिहून दाखवतो. 'वेस्ट' म्हटले आणि त्याने दुसरेच काही लिहिले, तर उच्चार कुठे सरकला ते कळते. मोबाइल हसत नाही आणि कंटाळतही नाही. मात्र भाषांतराचे अॅप या दहा मिनिटांत बंद.

तिसरी पायरी, एक साथी. मोठी बहीण, चुलत भाऊ, वर्गातला दोस्त, कुणीही. रोज पाच मिनिटे ठरलेल्या विषयावर बोलायचे : आजचा सामना, आजची भाजी, उद्याचा पेपर. मध्येच शब्द अडला तर उर्दू किंवा मराठी शब्द घालून वाक्य पूर्ण करायचे. 'आय वॉज सर्चिंग माय बस्ता' चालेल. वाक्य अर्धवट सोडायचे नाही, हा एकच नियम. अडलेला शब्द नंतर शोधून वहीत लिहायचा. महिनाभरात ही वही कोणत्याही छापील शब्दसंग्रहापेक्षा जास्त उपयोगी ठरते, कारण त्यात मुलाला स्वतःला लागलेले शब्द असतात.

चौथी पायरी, घरचा श्रोता. अम्मीला इंग्रजी येत नसेल तर अधिकच चांगले. मुलाने आधी एक गोष्ट इंग्रजीत सांगायची, मग तीच उर्दूत किंवा मराठीत. अम्मीने शेवटी फक्त सांगायचे, "यातलं अमुक मला कळलं, अमुक कळलं नाही." औषधाच्या पाकिटावरच्या सूचना, वीजबिल, बँकेचा मेसेज हे सगळे मुलाने इंग्रजीत वाचून घरच्यांना समजावून द्यायचे. घराला खरी मदत होते आणि मुलाला आपले इंग्रजी कुणाच्या तरी कामी आल्याचा आनंद मिळतो.

पाचवी पायरी, वर्गात एक प्रश्न. आठवड्यातून एकदा, इंग्रजीत, तयारी करून. 'सर, आय डिड नॉट अंडरस्टँड द सेकंड स्टेप.' एवढे एक वाक्य पुरेसे आहे. 'प्लीज रिपीट', 'कॅन यू एक्सप्लेन अगेन', 'व्हॉट डज दिस वर्ड मीन' ही तीन वाक्ये जिभेवर असली तर अकरावीचा वर्ग परका राहत नाही. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या मुलीकडे हीच तीन वाक्ये नव्हती. आणि इंग्रजीत जमलेच नाही तर प्रश्न मराठीत विचारावा. गप्प बसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

सहावी पायरी, अनोळखी माणूस. ग्राहक सेवेला फोन करून इंग्रजीचा पर्याय निवडायचा आणि आपल्या रिचार्जबद्दल विचारायचे. ग्रंथालयात इंग्रजीत पुस्तक मागायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन मिनिटांचे निवेदन. यात छाती धडधडणार. ती धडधड म्हणजे आपण योग्य जागी उभे आहोत याची निशाणी समजा. पाच-सहा वेळा केल्यावर ती कमी होते.

मुलींचा प्रश्न

मुलाला गल्ली मिळते, दुकान मिळते, चुलत्याच्या गॅरेजमध्ये येणारे ग्राहक मिळतात. मुलगी शाळा सुटली की घरी येते. तिला बोलायला माणसेच कमी मिळतात, मग ती भाषा कुणावर वापरणार? परीक्षेत मुलींचे गुण चांगले आणि मुलाखतीत आवाज खोल, असे आम्ही पुष्कळदा पाहतो. त्यामागे हुशारीचा काही संबंध नाही, संधीचा आहे. एकाच इमारतीतल्या, एकाच मोहल्ल्यातल्या चार-पाच मुलींनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास एकत्र बसावे. कॉलेजात जाणारी एखादी आपा सोबत असेल तर उत्तमच. विषय चिठ्ठ्यांवर लिहून ठेवावेत, जिची चिठ्ठी निघेल तिने दोन मिनिटे बोलावे. खर्च शून्य. वडिलांनी आणि भावांनी एवढेच करायचे की ही अर्ध्या तासाची बैठक घरातल्या कामांपायी मोडू द्यायची नाही.

पालक आणि शिक्षकांसाठी दोन गोष्टी

पालकांना एक विनंती आहे. मूल इंग्रजीत चुकले तर त्याला वाक्य पुरे करू द्या. मग तेच वाक्य बरोबर करून सहज म्हणा आणि पुढे चला. दर शब्दाला टोकले तर मूल तीन दिवसांत गप्प होईल. "एवढी फी भरतो आणि एक वाक्य येत नाही?" हे वाक्य तर कायमचे बंद करा. आणि शक्य असेल तर स्वतःही मुलासमोर इंग्रजीचे एक वाक्य बोला, चुका, मुलाला दुरुस्त करू द्या. अब्बूही चुकतात आणि आभाळ कोसळत नाही, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

शिक्षकांसाठी साधा हिशेब. वर्गात 60 मुले, तास 35 मिनिटांचा. शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला 35 सेकंद येतात. म्हणजे 'एकेकाने उभे राहून बोला' या पद्धतीने बोलण्याचा सराव होणे अशक्य. पण शेजारच्या दोघांची जोडी केली आणि दहा मिनिटे दिली, तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. वर्गात गोंगाट होईल. शेजारच्या वर्गातले सर डोकावतील. तो गोंगाट सहन करावा. महाराष्ट्रात 2000 सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षे होतात. या दहा वर्षांत रोज पाच मिनिटे जरी मुलाचे तोंड चालले, तर अकरावीतली ती भीती राहणार नाही.

आपली भाषा जाईल का?

ही शंका बुजुर्गांच्या मनात असते आणि ती खोटी म्हणता येत नाही. घरातली मुले उर्दू अक्षरे विसरताना आपण पाहतो आहोत. पण दोष इंग्रजी शिकण्यात नाही, आपले सोडून देण्यात आहे. बद्रुद्दीन तय्यबजींचे उदाहरण आठवावे. 1844 मध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणी मदरशात उर्दू-फारसी शिकला, मग कोवळ्या वयात शिक्षणासाठी विलायतेला गेला. 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन परतला तो मुंबई उच्च न्यायालयातला पहिला भारतीय बॅरिस्टर म्हणून. 1874 मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. 1887 मध्ये काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्या काळात घर, देश, भाषा सोडून समुद्रापार जाणे म्हणजे काय असेल, याची कल्पना करा. आणि तिथून मिळवलेली विद्या त्यांनी आपल्याच लोकांच्या शिक्षणासाठी वापरली.

आपल्या मुलांना समुद्र ओलांडायचा नाही. त्यांना वर्गात हात वर करायचा आहे, काउंटरवर विचारायचे आहे, मुलाखतीत आपले नाव आणि आपले काम न अडखळता सांगायचे आहे. यासाठी क्लासची मोठी फी लागत नाही. आज रात्री जेवण झाले की मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा, टीव्ही बंद करा आणि म्हणा, "आज काय झालं ते दोन मिनिटं इंग्लिशमध्ये सांग. चुकलं तरी चालेल, मी ऐकतोय." उद्या पुन्हा तेच. पहिले काही दिवस दोन वाक्यांनंतर गाडी थांबेल. थांबू द्या. तिसऱ्या वाक्याची वाट बघा.